हिरव्या शाईची सही

“निलम! अगं ए निलम! सही आली नाही!”

वरच्या मजल्यावरून वाबळे साहेबांची हाक आली की खाली अख्खं ऑफिस माझ्याकडे बघून दात काढायचं. दिवसातून पाच-सहा वेळा ही हाक. मी हातातलं काम टाकून जिना चढून जायचे, साहेबांच्या कॉम्प्युटरवर एका ठिकाणी टिचकी मारायचे, की पत्राखाली सही उमटायची.

“आली की! मग मघाशी का नाही आली?”

“साहेब, ती निवडावी लागते. इथं वर तीन नावं दिसतात बघा, त्यातलं आपल्याला पाहिजे ते...”

“बरं बरं. जा तू.”

आणि तासाभरानं पुन्हा, “निलम!”

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मी दूध संघात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. वय सत्तावीस, नोकरीला सहा वर्षं झालेली, तीही टेंपररी. वाबळे साहेब संघाचे सरव्यवस्थापक. गावोगावचं दूध जिथं गोळा होऊन थंड केलं जातं, अशी आमची बारा केंद्रं होती. त्या वर्षी संघानं बाराही केंद्रांना कॉम्प्युटर दिले आणि टपाल बंद करून मेल सुरू केला. सुरू केला खरा, पण केंद्रप्रमुखांच्या तो पचनी पडेना. सकाळी मेल गेला की दुपारी फोन हजर: “साहेब, कागद मिळाला, पण त्याच्यावर सही नाही, शिक्का नाही. आम्ही काय समजायचं?”

त्यांचं तरी काय चुकत होतं? आमच्याकडं सही-शिक्का नसलेला कागद म्हणजे भेळेच्या पुडीचा कागद. आणि सही-शिक्का असला की मग वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. आधी तळाला बघायचं, सही ओळखीची आहे ना, शिक्का गोल आहे ना, की झाला हुकूम.

साहेबांनी यावर तोडगा काढला. मला बोलावून म्हणाले, “मेलमध्येच सही-शिक्का घाल.”

मेलच्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय होतीच. पत्राखाली आपलं नाव, हुद्दा, फोन नंबर आपोआप यावा म्हणून एक जागा असते, तिथं चित्रही घालता येतं. मग साहेबांनी कोऱ्या कागदावर बारा वेळा सही केली. हिरव्या शाईत. एक पसंत पडेना. “ही लेचीपेची वाटते.” “ही रागात केल्यासारखी वाटते.” शेवटी नववी पसंत पडली. मी तिच्या बाजूला शिक्का मारायला गेले, तर साहेबांनी माझा हात धरला.

“सहीवर थोडा चढू दे. सुटा सुटा आणि सरळ मारलास तर खोटा वाटतो.”

मी शिक्का तिरका, सहीवर चढवून मारला, कागद स्कॅन केला आणि साहेबांच्या मशिनमध्ये तीन प्रकार करून ठेवले. हुकमाच्या पत्राला हिरवी सही आणि शिक्का. साध्या पत्राला नुसतं नाव आणि हुद्दा. किरकोळ निरोपाला काहीच नाही. शिस्तीत काम केलं होतं, माझं मलाच कौतुक वाटलं होतं. पण साहेब पडले जुन्या वळणाचे. त्यांना तीन सह्यांमधली एक निवडणं जन्मात जमेना, आणि माझा जिना काही सुटेना.

एके दिवशी संचालकांच्या सभेचा तक्ता टाइप करता करता चौथ्यांदा हाक आली आणि माझं डोकं सटकलं. वर गेले. साहेब फोनवर होते. मी सेटिंग उघडलं. तिथं दोन प्रश्न असतात: नव्या पत्राखाली कुठली सही आपोआप यावी, आणि उत्तराखाली कुठली. दोन्हीकडं मी हिरवी सही लावून टाकली. घ्या म्हटलं, आता नको म्हणालात तरी येईल. आणि फणकाऱ्यानं खाली आले.

साहेबांना सांगायला हवं होतं. ‘साहेब, आता प्रत्येक पत्राखाली सही-शिक्का येणार, साध्या पत्राला तो पुसत जा’ एवढं एक वाक्य. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘मग पुसायला ये’ म्हणून हाका सुरू झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब खूश. “आता कसं जमायला लागलं बघ मला! बरोबर टिचकी पडते.” तीन आठवडे मला एकदाही जिना चढावा लागला नाही.

आता ठोंबरेमामांचं सांगते.

आनंदराव ठोंबरे आमच्या पाडळी केंद्रावर दूध तपासायचे. आलेल्या दुधात फॅट किती, पाणी किती, कुणी युरिया कालवलाय का, हे बघायचं काम. नऊ वर्षं रोजंदारीवर. दर मंगळवारी नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी घेऊन हेड ऑफिसला यायचे आणि दहा मिनिटं माझ्या टेबलाजवळ टेकायचे. मामांचं सगळं आयुष्य ‘कायम झालो की’ या तीन शब्दांवर टांगलेलं. कायम झालो की घराला गिलावा करणार. कायम झालो की दात बसवणार. मी चेष्टा करायचे, “मामा, कायम झालात की मेल्यावर स्वर्गातसुद्धा रजा टाकून जावं लागेल हं!” ते बोळकं पसरून हसायचे.

पण दुधाच्या बाबतीत माणूस भलता कडक. एका संचालकांच्या मेहुण्याचं दूध त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. पाणी म्हणजे पाणी, मग ते कुणाच्या का विहिरीचं असेना. तो मेहुणा बोंबलत संचालकांकडं गेला आणि संचालक वाबळे साहेबांच्या मानगुटीवर बसले, ठोंबरेला काढा म्हणून.

त्याच महिन्यात सभेपुढं मोठा विषय होता. सात वर्षं भरलेल्या आणि सभेच्या दिवशी कामावर असलेल्या सगळ्या रोजंदारी लोकांना कायम करायचं. सात भरलेली नसली तरी ऑफिसातले आम्ही दोघं-तिघं साहेबांच्या शिफारशीनं त्यात होतो. म्हणजे माझं नाव होतं, मामांचंही होतं. सभा गुरुवारी.

मंगळवारी मामा आले ते पेटी न घेता. सकाळचे अकरा असतील. टेबलाजवळ उभेच राहिले, टेकले नाहीत. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला.

“ताई, जरा बघा बरं. ही ऑर्डर खरी हाय का?”

मी कागद उलगडला. शितोळ्यांनी, म्हणजे पाडळीच्या केंद्रप्रमुखांनी, साहेबांचा मेल छापून काढला होता. सगळ्यात वर एक ओळ: ‘शितोळे, नजरेखालून घाला, बोलू.’ त्याखाली आस्थापनेच्या क्लार्कनं तयार केलेला मजकूर: आनंदराव ठोंबरे, परीक्षक, यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. आणि त्याच्याखाली हिरवी सही. तिच्यावर चढलेला तिरका शिक्का.

मी सगळ्यात वरची ओळ पुन्हा वाचली.

“काल दुपारी शितोळे सायबांनी हातात दिली,” मामा म्हणाले. “म्हणाले, वर काय का लिहिलेलं असंना, खाली सही-शिक्का हाय, माझा नाइलाज हाय. मस्टरवरचं नाव लाल शाईनं कापलं बघा. परवा मीटिंग, ताई. परवा!”

“मामा, तुम्ही बसा. पाणी प्या. मी साहेबांना विचारून येते.”

“इचारा. मला वर कोण जाऊ देतंय? तुमचं ऐकतात साहेब.”

जिना चढताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, खरंच सांगते. साहेबांना दाखवायचं आणि ऑर्डर फिरवून घ्यायची, एवढंच होतं.

साहेबांनी कागद वाचला आणि ताडकन उभे राहिले.

“हे काय? मी फक्त मसुदा पाठवला होता! बोलू असं लिहिलंय की वर!”

“शितोळ्यांनी सही बघून अंमल केला, साहेब.”

“अगं, मला ठोंबरेला काढायचं नव्हतंच!” साहेबांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “म्हणून तर शितोळेला पाठवलं. ‘माणूस कामाचा आहे, काढू नये’ असं त्यानं लेखी दिलं असतं, की मी ते त्या संचालकांच्या पुढं टाकणार होतो. परवाच्या मीटिंगला ठोंबरे कायम झाला असता, विषय संपला असता.” मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि सहीवर बोट ठेवलं. “पण ही सही कुठून आली याच्यावर?”

मी वाकून कागद नीट बघितल्यासारखं केलं.

“निलम, ही मी घातली का ती आपोआप पडली?”

काय सांगू तुम्हाला! साहेब ओरडले असते तर कदाचित खरं बोलून गेले असते. पण ते अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं बोलले.

“नीट आठवून सांग. आपोआप पडली असेल तर तू मला दोन ओळी लिहून दे, की सेटिंगच्या चुकीनं सही पडली. खाली तुझी सही कर. मी आत्ता शितोळेला फोन करून ठोंबरेला कामावर घेतो. यंत्राची चूक म्हटलं की संचालक काय, अध्यक्षही काही बोलू शकत नाहीत. पण मीच घातली असेल, तर मग झालेली ऑर्डर कुठल्या तोंडानं मागं घेऊ? वाचल्याशिवाय सही करतो म्हणतील. नाहीतर ठोंबरेनं हात ओले केले म्हणतील.”

दोन ओळी. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. परवाच्या सभेत माझंच नाव कायम होणाऱ्यांत, आणि माझ्याच फायलीत माझ्याच चुकीचा कागद. माझ्याबरोबरच्या एका ऑपरेटरला टँकरचे आकडे चुकले म्हणून एका सकाळी घरी बसवलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आई, दोन धाकटी भावंडं आणि अंथरुणाला खिळलेले आप्पा. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं का? आलं असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिले. खरं तर मला फक्त भीती वाटली. शाळेत फुटकी दौत पाठीमागं लपवतात ना, तशी भीती.

“नाही साहेब,” मी म्हणाले. “निवडल्याशिवाय सही येत नाही.”

“नक्की?”

“नक्की. चुकून तुमच्याकडूनच टिचकी पडली असेल.”

साहेब मटकन खुर्चीत बसले. चष्मा काढला, डोळे चोळले.

“असेल,” ते म्हणाले. “या यंत्राचं मला कधी काय कळलंय! माझ्याच हातानं झालं म्हणायचं.” थोड्या वेळानं म्हणाले, “ठोंबरेला सांग, ऑर्डर खरी आहे. मला त्याच्या समोर नको आणूस.”

खाली मामा पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसले होते.

“काय म्हणाले?”

“मामा... ऑर्डर खरी आहे.”

ते उठले. कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या, खिशात ठेवला. मला वाटलं रडतील, चिडतील, निदान त्या संचालकाच्या नावानं शिवी तरी हासडतील. त्यांनी हात जोडले.

“तुम्ही माझ्यासाठी वर गेला, ताई. या ऑफिसात दुसरं कुणी गेलं नसतं. लई उपकार झालं.”

आणि गेले. दुपारी साहेब जेवायला घरी गेल्यावर मी वर गेले आणि सेटिंग बदललं. दोन्हीकडं ‘काही नाही’ करून ठेवलं. संध्याकाळी हाक आली, “निलम! सही आली नाही!” मी पळत वर गेले. साहेब पडद्याकडं बघत म्हणाले, “नाही ना आली, बघ. निवडल्याशिवाय येत नाही ती. तू म्हणालीस तेच खरं.”

गुरुवारी सभा झाली. एकतीस लोक कायम झाले, त्यांत मी. आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. मी पोटात दुखतंय म्हणून पडून राहिले आणि आई म्हणाली, दृष्ट लागली पोरीला. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तिनं माझी.

मनात यायचं, अजून वेळ गेलेली नाही, वर जावं आणि सांगून टाकावं. पहिल्या आठवड्यात यायचं, मग महिन्याभरानं यायचं. पण पहिल्या दिवशी नुसती चूक सांगायची होती. आता चूक आणि खोटं, दोन्ही सांगावं लागणार होतं. नंतर साहेब निवृत्त झाले, दोन वर्षांनी गेलेही. त्यांच्या तेराव्याला मी गेले नाही. ज्या चुकीचं ओझं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं, ती माझी होती. कुठल्या तोंडानं जाणार होते?

अकरा वर्षांनी, तोवर मी ऑफिस अधीक्षक झाले होते, केंद्रांना नवीन प्रोग्रॅम शिकवायला पाडळीला जावं लागलं. काम आटोपून स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तोच समोरच्या एका खाजगी डेअरीच्या टपरीवजा सेंटरमधून आवाज आला.

“अहो ताई! निलमताई न्हवं का तुम्ही?”

ठोंबरेमामा. केस पार पांढरे झाले होते, पाठीला बाक आला होता. दुधाची काचनळी हातात तशीच. मला ओढतच आत नेलं, स्टूल पुसून दिलं, पलीकडं चहा सांगितला. सकाळ-संध्याकाळ दोन दोन तास इथं दूध तपासतो म्हणाले. पेन्शन-बिन्शन काही नाही, पण चाललंय. घरून बाहेर पडायला निमित्त आहे.

त्यांच्या आवाजात राग असता तर मी गप्प बसले असते. पण ते इतके आनंदानं बोलत होते, की माझ्या तोंडून बाहेर पडलंच.

“मामा, तुम्हाला एक सांगायचंय. ती सही साहेबांनी केलेली नव्हती.”

त्यांना काही कळेना. “कुठली सही?”

“तुमच्या ऑर्डरवरची. साहेबांनी नुसता मसुदा पाठवला होता. त्यांच्या मशिनमध्ये मी असं करून ठेवलं होतं, की प्रत्येक पत्राखाली सही-शिक्का आपोआप पडायचा. मला सारखा जिना चढायचा कंटाळा आला होता म्हणून. साहेबांना सांगितलंही नव्हतं. माझी चूक होती ती, मामा. माझ्यामुळं तुमची नोकरी गेली.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामांनी काचनळी खाली ठेवली. एक एसटी आली, उभी राहिली, निघून गेली.

“म्हणजे साहेबांनी सही केलीच न्हवती,” ते हळू म्हणाले.

“नाही.”

“मग ताई, एक इचारू? हे त्यांना त्याच दिवशी कळलं असतं, की सही मशिननं केली, तर त्यांनी ऑर्डर फिरवली असती का हो?”

पदरानं डोळे पुसता पुसता माझा हात थांबला. मामा माझ्याकडं बघत होते. अकरा वर्षं मी याच प्रश्नाला घाबरून होते, आणि तो विचारणारा माणूस समोर स्टुलावर बसला होता. साहेबांनी मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते सांगायची दुसरी वेळ येणार नव्हती.

“नाही, मामा,” मी म्हणाले. “संचालकांचा फार दबाव होता. नसती फिरवली.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहरा एकदम सैल पडला.

“मग झालं तर! तुमची काय चूक त्यात? सही पडली काय, न पडली काय, माझं जायचं ते जाणारच होतं. उगं जिवाला लावून घेतलं इतकी वर्सं!” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “उलट माझ्यासाठी वर जाणाऱ्या एकट्या तुम्हीच. बायकोला अजून सांगतो मी. घ्या, चहा घ्या. गार व्हायलाय.”

मी चहा घेतला. अर्धा कप आणखी ओतला त्यांनी, तोही घेतला.